नोकरी संपल्यावर येणारा आजार

इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात 14 मार्च 1924 रोजी नेली केर्शॉ नावाची एक कामगार स्त्री वारली. वय अवघे 33. टर्नर ब्रदर्स कंपनीच्या कारखान्यात ती अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातायची. दोन वर्षांपूर्वी दम लागून काम करणे अशक्य झाले, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी कारण स्पष्ट लिहून दिले होते: अ‍ॅस्बेस्टॉसची बाधा. तो कागद घेऊन ती आजारपणाचा भत्ता मागायला गेली. विमा मंडळ म्हणाले, हा आजार कामामुळे झालेला आहे, तेव्हा पैसे कंपनीकडून घ्या. कंपनी म्हणाली, असा कोणताही आजार कायद्याच्या यादीत नाही, तेव्हा आमचा संबंध नाही. दोन्हीकडून हात हलवत परतलेल्या नेलीला शेवटपर्यंत काहीच मिळाले नाही. कंपनीने अंत्यविधीच्या खर्चालाही नकार दिला आणि नाव नसलेल्या थडग्यात तिला पुरले गेले.

तिच्या फुप्फुसांची तपासणी डॉ. विल्यम कुक यांनी केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना फुप्फुसाच्या वणांमध्ये अडकलेले खनिजाचे तंतू दिसले. त्याच वर्षी हा अनुभव त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला आणि 1927 मध्ये या आजाराला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. नाव मिळाले तेव्हा नेलीला जाऊन तीन वर्षे झाली होती.

शंभर वर्षांनंतरही ही गोष्ट जुनी झालेली नाही. कामावर झालेला अपघात सगळ्यांना दिसतो. यंत्रात बोट गेले तर तारीख, वेळ आणि साक्षीदार असतात. धुळीतून होणाऱ्या आजाराला तारीख नसते. तो येतो तेव्हा कामगार निवृत्त झालेला असतो, कारखान्याला कुलूप लागलेले असते, कधी कधी कंपनीचे नावही बदललेले असते. अशा वेळी जबाबदार कोण, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत सुरू होतो आणि न्यायालयात जाऊन पोहोचतो.

तंतू आत गेल्यावर

अ‍ॅस्बेस्टॉस हे नैसर्गिक खनिज आहे. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. ते जळत नाही, गंजत नाही, उष्णता अडवते आणि स्वस्तात मिळते. म्हणून बॉयलरचे वेष्टन, गाड्यांचे ब्रेक, जहाजांची इंजिनघरे, अग्निरोधक कापड आणि घरांवरचे सिमेंटचे पत्रे अशा शेकडो ठिकाणी ते वापरले गेले.

पिंजताना, कापताना किंवा घासताना त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत तरंगू लागतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि त्यांना वासही नसतो. श्वासावाटे ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे बाहेरचे कण गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी पहारा देत असतात. मात्र लांब तंतू त्या पेशीच्या तोंडात पूर्ण मावत नाही. गिळण्याच्या धडपडीत पेशी दाहक रसायने सोडत राहते, स्वतः मरते आणि तिच्या जागी दुसरी येते. तंतू तसाच राहतो. या न संपणाऱ्या झटापटीतून वर्षानुवर्षे फुप्फुसात वण साठत जातात. स्पंजासारखे मऊ फुप्फुस ताठर होते आणि साधा जिना चढतानाही धाप लागते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. झालेले वण बुजवणारे औषध आजही नाही.

याच तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. धूम्रपान करणाऱ्या कामगारात हा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिसरा आजार मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग असून तो बहुतांशी अ‍ॅस्बेस्टॉसशीच जोडलेला आहे. त्याचा सुप्तकाळ विलक्षण लांब, साधारण 20 ते 50 वर्षांचा असतो. विशीत धुळीत काम केलेल्या माणसाला साठीत हा आजार गाठू शकतो. ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसवर 1999 मध्ये पूर्ण बंदी घातली, तरीही तिथे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेसोथेलिओमाने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे वर्षाला दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात.

कळले कधी, सांगितले कधी

आजार उशिरा येतो म्हणून कंपन्यांनाही उशिरा कळले, असे म्हणता येत नाही. ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक लुसी डीन यांनी 1898 मध्येच या धुळीचे कण काचेसारखे धारदार असल्याचे आणि कामगारांना त्यांचा त्रास होत असल्याचे सरकारी अहवालात नोंदवले होते. 1930 मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी 363 कामगार तपासले. त्यांच्यातील चारांत एकाच्या फुप्फुसात वण आढळले. काम जितकी वर्षे जुने, तितके प्रमाण जास्त. पुढच्याच वर्षी ब्रिटनने धूळ कमी करण्याचे नियम केले.

तरीही अमेरिकेत 1935 मध्ये दोन मोठ्या अ‍ॅस्बेस्टॉस कंपन्यांच्या वरिष्ठांमध्ये पत्रव्यवहार झाला, तो या विषयाची वाच्यता जितकी कमी होईल तितके बरे, या सुराचा. चार दशकांनी खटल्यांच्या ओघात ही पत्रे बाहेर आली. 1955 मध्ये रिचर्ड डॉल यांनी टर्नर ब्रदर्सच्याच कारखान्यात 20 वर्षांहून अधिक काम केलेल्या 113 पुरुषांचा अभ्यास केला. फुप्फुसाच्या कर्करोगाने एकाचा मृत्यू होणेही अपेक्षित नव्हते, प्रत्यक्षात 11 झाले होते. हा निबंध छापला जाऊ नये यासाठी कंपनीने प्रयत्न केले. तो छापला गेला. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खाणपट्ट्यातून मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले गेले. त्यात खाणीच्या परिसरात केवळ राहिलेली माणसेही होती. 1965 मध्ये लंडनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. काही रुग्ण कारखान्यात कधीच गेले नव्हते. त्या कामगारांच्या घरच्या बायका होत्या आणि कामावरचे कपडे झटकून धूत होत्या.

कंपनीचे उत्तरदायित्व हजेरीपटावरच्या नावांपाशी संपत नाही, हे त्या धुण्याच्या पाण्यानेच दाखवून दिले.

कंपनी गेली कुठे?

1970 नंतर दाव्यांचा पूर सुरू झाला आणि मग कंपन्यांची कायदेशीर हुशारी दिसू लागली. अमेरिकेतील जॉन्स-मॅनव्हिल ही चांगली चालणारी कंपनी होती. तिच्याविरुद्ध सुमारे 16,500 दावे उभे राहिल्यावर ऑगस्ट 1982 मध्ये तिने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. आजवरचे दावे आणि पुढे येऊ घातलेले दावे मिळून देणे आवाक्याबाहेर जाईल, असा तिचा युक्तिवाद होता. पुढे भरपाईसाठी न्यास उभा राहिला. पण दावेदार इतके झाले की त्यांना मान्य रकमेचा लहानसा हिस्साच मिळू लागला. नेलीची टर्नर ब्रदर्स ज्या समूहात विलीन झाली होती तो टर्नर अँड न्यूऑल समूहही 2001 मध्ये दाव्यांच्या बोजाखाली दिवाळखोरी प्रक्रियेत गेला.

व्यवसायनीतीच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण ऑस्ट्रेलियातले. जेम्स हार्डी या बांधकाम साहित्याच्या कंपनीने 2001 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंधित उपकंपन्या वेगळ्या काढून एका न्यासाच्या ताब्यात दिल्या. त्यात 29 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर असून सगळ्या रुग्णांना ते पुरतील, असे शेअर बाजाराला कळवले. त्यानंतर मूळ कंपनीने आपले ठाणे नेदरलँड्सला हलवले. काही वर्षांतच हिशेब उघडा पडला. देणे दीड अब्ज डॉलरच्या घरात होते. ज्या रुग्णांना आजार अजून व्हायचा होता, त्यांच्यासाठी तिजोरीत काहीच उरणार नव्हते.

बर्नी बँटन या माजी कामगाराने लढ्याचे नेतृत्व केले. 1968 ते 1974 अशी जेमतेम सहा वर्षे त्याने त्या धुळीत काम केले होते. प्राणवायूची नळी नाकाला लावून तो सभांना आणि वाटाघाटींना जायचा. 2004 मध्ये सरकारी चौकशी झाली. कामगार संघटना आणि लोकमताच्या रेट्यामुळे कंपनीला नव्याने करार करावा लागला आणि 2007 पासून वार्षिक रोख उत्पन्नातला ठरावीक वाटा भरपाई निधीत जाऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँटन मेसोथेलिओमाने गेला. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘निधी पुरेसा आहे’ असे चुकीचे निवेदन मंजूर केल्याबद्दल सात माजी संचालकांनी कर्तव्यभंग केल्याचा निर्वाळा दिला. मुद्दा एका निवेदनाचा होता, पण धडा मोठा होता. कागदावर कंपनीचे तुकडे केले म्हणून माणसाच्या फुप्फुसातले तंतू वेगळे होत नाहीत.

तंतू कोणाचा, हे कसे सांगणार?

कायद्यापुढे आणखी एक शास्त्रीय पेच होता. एखाद्या कामगाराने आयुष्यात तीन मालकांकडे अ‍ॅस्बेस्टॉसची कामे केली आणि त्याला मेसोथेलिओमा झाला, तर कोणत्या मालकाकडच्या धुळीने तो झाला? विज्ञान याचे उत्तर देऊ शकत नाही. या अडचणीचा फायदा घेऊन प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि कामगाराचा दावा फेटाळला जाई. 2002 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने हा मार्ग बंद केला. ज्या मालकाने निष्काळजीपणे धोका वाढवला तो जबाबदार. नेमका तंतू दाखवण्याचे ओझे आजारी माणसावर टाकणे अन्यायाचे आहे, असे त्याने ठरवले. मालक किंवा त्याचा विमा सापडतच नसेल अशा रुग्णांसाठी 2014 मध्ये तिथे खास कायदा झाला आणि त्याचा खर्च विमा कंपन्यांवरील आकारणीतून भागवला जाऊ लागला.

आपल्याकडचा निकाल

टर्नर अँड न्यूऑलचे धागे मुंबईपर्यंत आले होते. मुलुंड आणि घाटकोपरच्या कारखान्यांत समूहाच्या भारतीय कंपन्यांनी पत्रे आणि ब्रेकचे अस्तर बनवले. मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या जुन्या कामगारांची तपासणी डॉक्टरांनी केली. तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी दर पाचांत एकाहून अधिक कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता.

त्याआधी दहा वर्षे, जानेवारी 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला होता. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राने 1986 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका दाखल केली होती. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही कामगाराला आरोग्याचा हक्क आहे आणि तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ‘निवृत्तीनंतरही’ हा शब्द इथे कळीचा आहे.

निकालातील आदेश त्याच दिशेने जातात. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यातील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायची. कामगार विमा योजनेत असो वा नसो, त्याच्या आरोग्यविम्याची तजवीज करायची. लहान कारखान्यांनाही नियम लागू करायचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून तपासणी होऊन ज्यांचा आजार सिद्ध होईल, त्यांना एक लाख रुपये भरपाई द्यायची. 40 वर्षांचा आकडा मेसोथेलिओमाच्या सुप्तकाळाकडे पाहिले की लगेच उमगतो. कायद्याने इथे आजाराची चाल ओळखून पावले टाकली होती.

1948 च्या कारखाने कायद्यात डॉक्टरांवरही एक कर्तव्य टाकलेले होते. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाला यादीतला व्यवसायजन्य आजार दिसला, तर मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशा आजारांची यादी आणि ते कळवण्याची तरतूद आहे. अ‍ॅस्बेस्टॉसिस त्या यादीत आहे. नेली केर्शॉच्या वेळी जो आजार कायद्याच्या यादीत नव्हता, तो आपल्याकडे यादीत आहे.

ज्यांचे नाव रजिस्टरात नाही

मग अडते कुठे? नोंद ठेवायला आधी नाव लागते. कायम कामगाराचे नाव पगारपत्रकावर असते. कंत्राटदाराने आणलेला मजूर आज या कारखान्यात, उद्या दुसऱ्या शहरात असतो. गुजरातमधील अलंग आणि मुंबईतील दारूखाना इथे जुनी जहाजे तोडली जातात. जुन्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन ठासून भरलेले असते. 2006 मध्ये क्लेमांसो ही फ्रेंच विमानवाहू युद्धनौका याच कारणावरून वाद होऊन अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली. ती गेली, पण इतर जहाजे येत राहिली आणि ती तोडणारे बहुतेक हात दूरच्या राज्यांतून आलेले होते. त्यांच्यातला एखादा वीस-तीस वर्षांनी गावाकडच्या दवाखान्यात खोकत बसला, तर त्याचा त्या जहाजाशी संबंध कोण जोडणार?

भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे 1986 मध्ये थांबवण्यात आले. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात मात्र चालू आहे आणि जगातील मोठ्या आयातदारांत भारत मोडतो. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण बंदीची मागणी मान्य केली नाही. 1995 चे आदेश पाळले जावेत यावर भर दिला. पांढरा प्रकार काळजीपूर्वक वापरला तर सुरक्षित आहे, असे उद्योगाचे म्हणणे असते. त्याचे सर्व प्रकार माणसात कर्करोग घडवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. शिवाय कारखान्यातील काळजी कारखान्याच्या फाटकापर्यंतच जाते. पत्रा विकला गेला की तो कापणारा गवंडी, भोके पाडणारा सुतार आणि वादळात फुटलेले तुकडे गोळा करणारी बाई यांना मुखपट्टी कोण देणार?

घरावरचा अखंड पत्रा पाहून घाबरण्याचे कारण नाही. सिमेंटमध्ये तंतू घट्ट बांधलेले असतात. धोका तो कापताना, घासताना, फोडताना असतो. असे काम टाळता येत नसेल तर पत्रा आधी पाण्याने भिजवावा, विजेची करवत वापरू नये, कोरड्या झाडूने चुरा लोटू नये, साधे फडके पुरेसे समजू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

ज्यांनी कधी काळी ब्रेक, बॉयलर, पत्र्यांचे कारखाने किंवा गोदीत काम केले आहे, त्यांनी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा आणि कामगार विम्याचा क्रमांक, जुने एक्स-रे जपून ठेवावेत. तीस वर्षांनी हेच कागद साक्षीदार होतात. धूम्रपान सोडणे हा त्यांच्यासाठी केवळ सल्ला राहत नाही. धोका कमी करण्याचा तेवढाच एक मार्ग त्यांच्या हातात असतो.

आणि डॉक्टरांकडे एक जुने साधन आहे. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तू काम काय करतोस? आपल्याकडे दम, खोकला आणि उतरलेले वजन पाहिले की प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि तो व्हायलाही हवा. पण क्षयाची तपासणी नकारात्मक आली, तर रामाझिनींचा प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो: तीस वर्षांपूर्वी काम काय करत होता? उत्तर आले, तर ते केसपेपरवर लिहावे आणि निरीक्षकांना कळवावे. नेली केर्शॉच्या डॉक्टरांनी एवढेच केले होते. तिला त्याचा उपयोग झाला नाही, कारण तो कागद मानणारा कायदा तेव्हा नव्हता. आज कायदा आहे. तो कागद लिहिला गेला पाहिजे.